लहान यंत्र, मोठा मालक

दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडयांचा हंगाम सुरू होतो. धानाची कापणी उरकत आलेली असते, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात आणि रात्री कुठे दंडार, कुठे खडीगंमत, कुठे वडशाहून आलेल्या मंडळीचे नाटक उभे राहते. अशाच एका मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावातील एक तरुण कार्यकर्ता माझ्याकडे आला. रात्रभराच्या जागरणाने डोळे तांबारलेले, हातात मोबाइल. त्याने मला एका खडीगंमतीचे चित्रण दाखवले. दोन-तीन वर्षांपूर्वी कोणीतरी ते इंटरनेटवर चढवले होते आणि आजवर हजारो लोकांनी ते पाहिले होते. शाहीर आमच्याच परिसरातला. ढोलकीवरचा माणूस रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत राबणारा. तरुण म्हणाला, "सर, इतक्या लोकांनी ऐकलं. मग शाहिराला काय भेटलं?"

"त्या रात्रीची बिदागी," मी म्हणालो.

"आणि याच्यातलं?"

"याच्यातलं काही नाही."

"मग हे पैसे जातात तरी कुठे?"

अर्थशास्त्राच्या वर्गात हयात घालवूनही इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. म्हणून हा लेख.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. मी यंत्रांचा शौकीन आहे. नवे उपकरण दिसले की ते उघडून पाहावेसे वाटते. टाकाऊ ठरलेल्या संगणकावर मुक्त सॉफ्टवेअर चढवून तो पुन्हा चालता केला की मला लहान मुलासारखा आनंद होतो. आणि रात्री हेडफोन लावून गाणे ऐकल्यावाचून झोप येत नाही. तेव्हा पुढील विवेचन एखाद्या यंत्रद्वेष्ट्याचे आहे असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या चळवळीत या विषयावर दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. जुने कार्यकर्ते मोबाइलकडे चैनीची वस्तू म्हणून तुच्छतेने पाहतात, आणि तरुण कार्यकर्त्यांना त्यात मुक्तीचे साधन दिसते. दोघांची चूक मात्र एकच आहे. दोघेही वस्तू पाहतात. त्या वस्तूभोवती माणसामाणसांचे जे संबंध बांधले गेले आहेत, ते पाहत नाहीत. समाजवाद्याने उपकरणाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा किंवा वेगाचा नाही. ते कोणाच्या ताब्यात आहे, हा तो प्रश्न आहे.

लोहियांचे लहान यंत्र

मे १९५२ मध्ये पचमढी येथे समाजवादी पक्षाचे विशेष अधिवेशन भरले होते. अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा विचार मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : भांडवलशाही आणि साम्यवाद मालकीच्या प्रश्नावर भांडतात, पण दोघांचेही यंत्र एकच आहे, प्रचंड आणि केंद्रित. ज्या देशात माणसे फार आणि भांडवल थोडे, तेथे हे यंत्र मूठभरांना काम देईल व उरलेल्यांना वाऱ्यावर सोडील. म्हणून विजेवर चालणारे, गावाच्या अथवा कुटुंबाच्या आवाक्यातले, त्याच्याच मालकीचे लहान यंत्र हवे. यात चरख्याकडे परत जाण्याचा आग्रह नव्हता. यंत्र आधुनिक असावे, पण त्याची किल्ली वापरणाऱ्याच्या हाती असावी, एवढाच त्याचा अर्थ होता.

असे यंत्र आपल्या चळवळीने प्रत्यक्ष वापरलेले आहे. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा भूमिगत पत्रके निघाली ती सायक्लोस्टाइल यंत्रावर. स्टेन्सिल कापायचे, शाई लावायची, दांडा फिरवायचा. हात काळे होत, कागद चिकटत, अक्षरे फिकट येत. पण जो दांडा फिरवी तोच त्या घटकेपुरता मालक असे. ते यंत्र बनवणाऱ्या कारखानदाराला आपण काय छापतो याचा पत्ता नसे आणि दूर बसून ते बंद पाडण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती.

आता मोबाइलकडे पाहा. आकाराने तो सायक्लोस्टाइलपेक्षा कितीतरी लहान. भूमिहीन मजुराच्या खिशातही तो आहे. वरवर पाहता लोहियांचे स्वप्न साकार झाले असे वाटावे. पण हा आकाराचा भास आहे. आपल्या हातात असते ती त्या यंत्राची केवळ मूठ. प्रत्यक्ष यंत्र शेकडो मैल दूर, संगणकांनी खच्चून भरलेल्या इमारतींत चालू असते. त्याला अफाट वीज लागते, ते थंड ठेवण्यास अफाट पाणी लागते, आणि त्याची मालकी जगातील हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या कंपन्यांकडे आहे. त्याला 'क्लाउड' म्हणजे ढग असे काव्यमय नाव दिले आहे. मात्र हा ढग आभाळात नसून दुसऱ्याच्या जागेत आहे आणि तो कोणावर बरसावा हे त्या जागेचा धनी ठरवतो.

हे केवळ रूपक म्हणून सांगत नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या सीमेवर शेतकरी आंदोलन ऐन भरात असताना 'किसान एकता मोर्चा'चे ट्विटर खाते सरकारी आदेशावरून भारतात दिसेनासे झाले. त्याच दिवशी ते पुन्हा सुरू झाले, ही गोष्ट वेगळी. लाखो हातांत लाखो लहान यंत्रे होती, पण एका ठिकाणी कळ दाबताच सर्वांच्या पडद्यावरून ते खाते गेले. सायक्लोस्टाइल बंद करावयास पोलिसांना दारोदार हिंडावे लागे.

गाण्याचा खंड

आता शाहिराच्या प्रश्नाकडे येतो. संगीताच्या बाबतीत गेल्या सव्वाशे वर्षांत यंत्र अनेकदा बदलले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले. तासन्‌तास चालणारे गाणे सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागले, आणि गाण्याच्या अखेरीस गायिकेने आपले नाव उच्चारण्याची प्रथा पडली. तबकडी काढणे हा बड्या भांडवलाचा धंदा होता. त्यामुळे कोणाचे गाणे टिकावे हे दीर्घकाळ एकाच कंपनीच्या हाती राहिले.

१९८० नंतर कॅसेट खेडोपाडी पोचली आणि ही मक्तेदारी ढिली झाली. कॅसेटची नक्कल करणारे यंत्र तालुक्याच्या गावातला दुकानदारही घेऊ शके. तबकडीवर ज्यांना कधी जागा मिळाली नसती अशी भीमगीते, भारुडे, लावण्या, गवळणी कॅसेटवर आल्या. नागपुरास दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटांची दुकाने लागत. वह्यांतून आणि कंठांतून जिवंत राहिलेले आंबेडकरी गाणे त्या दुकानांनी घरोघर पोचवले. कॅसेटच्या धंद्यातही शोषण होतेच. गायकाच्या हातावर एकरकमी पैसे ठेवून कागदावर सही घेतली जाई. परंतु विकत घेतलेली कॅसेट घेणाऱ्याची होई. ती उसनी देता येई, तुटली तर पेन्सिल घालून फीत गुंडाळता येई. पुढे मेमरी कार्ड आले. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये दिले की पोरगा कार्ड गाण्यांनी भरून देई. ते कायदेशीर नव्हते, शाहिराला त्यातूनही काही मिळत नव्हते. पण गाणे आपल्या खिशात असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा जवळजवळ फुकट झाला. मागोमाग संगीत पुरवणारी अ‍ॅप घरोघर पोचली. २०१८ मध्ये जिओ म्युझिक आणि सावन एकत्र आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वीडनची स्पॉटिफाय भारतात आली. गाणे विकत घेण्याची पद्धत संपली आणि ते भाड्याने ऐकण्याची सुरू झाली. वर्गणी थांबली की वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह हातून जातो. सेवाच बंद पडली तर वर्गणी भरणाऱ्याचाही जातो. २०२४ या एका वर्षात रेसो ही सेवा भारतातून गेली आणि एअरटेलने आपली विंक ही संगीतसेवा बंद करीत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी तेथे आपल्या आवडीच्या याद्या जुळवल्या होत्या, त्यांना भाडेकरू असणे म्हणजे काय ते कळले असेल.

हे पैसे वाटले कसे जातात, हे समजण्यास एक काल्पनिक हिशेब घेऊ. समजा, एका गावात दहा श्रोते दरमहा प्रत्येकी १०० रुपये भरतात. जमले १,००० रुपये. कंपनीने ३०० ठेवले व ७०० रुपये हक्कधारकांसाठी काढले. नऊ तरुण चित्रपटगीते ऐकतात, प्रत्येकी महिन्यात १,१०० वेळा. दहावा एक म्हातारा फक्त दंडारीची गाणी ऐकतो, महिन्यात १०० वेळा. एकूण श्रवणे झाली १०,०००, त्यांत दंडारीचा वाटा शेकडा एक. म्हणून दंडारीला मिळाले ७ रुपये. आता पाहा, म्हाताऱ्याने एकही चित्रपटगीत ऐकलेले नाही. पण त्याच्या वर्गणीतून वाटपास निघालेल्या ७० रुपयांपैकी ६३ रुपये चित्रपटगीतांच्या मालकांकडे गेले. आपण ज्याला दाद देतो त्याच्या हातात आपली दाद पडत नाही. ती एका मोठ्या हौदात जाते आणि ज्याचे भांडे मोठे, तो ती उपसतो. मोठ्या सेवांचा वाटपाचा प्रचलित नियम साधारणपणे हाच आहे.

यावर कडी म्हणजे, स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच द्यावयाचे नाही. त्याच्या वाट्याची रक्कम इतरांत वाटली जाते. कारकुनी खर्च वाचवण्याचे आणि फसव्या गाण्यांना आळा घालण्याचे कारण दिले गेले. पण एका लहान बोलीतले, एका तालुक्यात गाइले जाणारे, शंभर घरांना जीव की प्राण असलेले गाणे या नियमाने एका फटक्यात शून्य किमतीचे ठरले. आणि वर जमलेल्या संपत्तीचे पुढे काय होते? याच कंपनीचे संस्थापक डॅनियल एक यांच्या गुंतवणूक संस्थेने २०२५ मध्ये हेल्सिंग या युद्धतंत्र बनवणाऱ्या कंपनीसाठी ६० कोटी युरो उभारण्यात पुढाकार घेतला. त्याच्या निषेधार्थ काही पाश्चात्त्य वाद्यवृंदांनी आपली गाणी तेथून काढून घेतली.

अर्थशास्त्राच्या भाषेत या मिळकतीचा बराचसा भाग नफा नसून खंड आहे. रिकार्डोने दाखवून दिले की धान्य महाग असते म्हणून जमिनीला खंड मिळतो. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही. जमीनदार काही निर्माण करीत नाही, तो वाट अडवून बसतो. हे पूर्व विदर्भातील वाचकाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट होईपर्यंत आपल्या आजोबा-पणजोबांनी ती भोगलेली आहे. गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्याच्या मधोमध आज जो नवा मालगुजार बसला आहे, त्याने गाणे रचले नाही आणि ढोलकीही वाजवली नाही. पण त्याच्या बांधावरून गेल्यावाचून गाणे श्रोत्यापर्यंत पोचत नाही.

कायदा शाहिराच्या बाजूने अगदीच नाही असे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्या वेळी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत गीतकार-संगीतकारांची बाजू लढवली. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून कायमचा लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. कलावंताच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास त्यालाही मोबदल्याचा हक्क मिळाला. पण कायदा मुंबई-दिल्लीत आणि शाहीर बांधीत. दंडारीचे गाणे कोणी रचले हे कोणालाच ठाऊक नसते. ते पिढ्यांचे असते. मग ज्याने प्रथम ध्वनिमुद्रण करून आपल्या नावावर चढवले, तोच त्याचा धनी म्हणून कागदोपत्री उभा राहतो. जमिनीच्या इतिहासातही असेच घडले होते. वहिवाट एकाची आणि पट्टा दुसऱ्याचा.

कुलूपबंद अक्षरे

हीच कहाणी सॉफ्टवेअरची. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभली. सॉफ्टवेअर वापरावयास, आतून पाहावयास, बदलावयास आणि दुसऱ्यास द्यावयास प्रत्येकास मोकळीक असावी, हे तिचे सूत्र. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगभरच्या हजारो हातांनी तो वाढवला. आज जगातील बहुसंख्य मोठे संगणक आणि अँड्रॉइड मोबाइलसुद्धा याच गाभ्यावर चालतात. सामूहिक श्रमातून, पेटंटाच्या कुंपणाशिवाय, सर्वोच्च दर्जाची वस्तू निर्माण होऊ शकते, याचा इतका ठसठशीत पुरावा आमच्या पिढीच्या समाजवाद्यांना पूर्वी कधी मिळाला नव्हता. दुर्दैव इतकेच की आपण त्याची दखल घेतली नाही आणि बड्या कंपन्यांनी घेतली. अँड्रॉइडचा गाभा मुक्त, पण त्यावर चढवलेल्या सेवांचे दरवाजे एकाच कंपनीच्या हाती, अशी आजची स्थिती आहे. सार्वजनिक तलावाच्या पाळीवर खाजगी फाटक बसवावे, तसा हा प्रकार.

केरळने वेगळी वाट धरली. तेथील शाळांतील संगणकशिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालते आणि 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स-आवृत्ती तयार करते. महाराष्ट्रात २००१ पासून लक्षावधी तरुणांनी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. संगणकाची भीती घालवण्याचे मोठे काम त्याने केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु संगणक शिकणे म्हणजे एका परदेशी कंपनीची प्रणाली शिकणे, असे समीकरणही त्यातूनच रुजले. त्याची किंमत ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसली. विंडोज १० या प्रणालीचा आधार कंपनीने काढून घेतला, आणि पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणारे धडधाकट संगणक एका दिवसात उतारवयाचे ठरले. असाच एक संगणक मी लिनक्सवर चालवतो. हा लेख त्यावरच लिहिलेला आहे.

अक्षरांची कथा तर आपल्या अधिकच जवळची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत जुळवला जाई. प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी. आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या काळची धारिका उघडली की 'समाजवाद' या शब्दाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. कित्येक लहान नियतकालिकांचे अंक या कुलपात अडकून पडले आहेत. शिळा छापाच्या पोथ्या आपण अजून वाचू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वीची धारिका वाचू शकत नाही. उलट मुंबईतील 'एक टाइप' या गटाने केलेले मुक्ता, बालू हे फॉन्ट कोणीही विनामूल्य वापरावेत अशा परवान्याने दिले गेले आहेत. अक्षर सर्वांचे असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

उघडता न येणारे यंत्र

उपकरणांविषयी थोडक्यात लिहितो. कोणता मोबाइल घ्यावा, असे कार्यकर्ते मला विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे : जो उघडता येतो तो. बॅटरी गोंदाने चिकटवलेला, सुटा भाग न मिळणारा, दोन वर्षांत नवे सॉफ्टवेअर नाकारणारा मोबाइल स्वस्त असला तरी महाग पडतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला की फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळ सुरू केले. पण संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. आठवडी बाजारात टेबल मांडून मोबाइल दुरुस्त करणारा तरुण हा खऱ्या अर्थाने लोहियांच्या लहान यंत्राचा कारागीर आहे. सुटे भाग आणि नकाशे मिळण्याचा त्याचा हक्क ही रोजगाराची मागणी म्हणून आपण उचलली पाहिजे.

आणि उपकरण हाती घेताना ते कोणाच्या हातांनी घडले हेही आठवावे. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ सॅमसंगच्या कारखान्यात दूरदर्शन संच, फ्रिज व धुलाई यंत्रे तयार होतात. तेथील कामगारांनी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये सदतीस दिवस संप केला. त्यांची एक प्रमुख मागणी आपल्या संघटनेला मान्यता मिळावी ही होती. संघटनेची साधी नोंदणी व्हावयास जानेवारी २०२५ उजाडला. चकचकीत काचेमागे एकोणिसाव्या शतकातलाच प्रश्न उभा आहे.

निस्तार

दोन आक्षेप येतील. पहिला असा की, या सेवांमुळेच आमचा शाहीर पुण्या-हैदराबादेस कामाला गेलेल्या आमच्या पोरांपर्यंत पोचला. हे खरे आहे आणि लहान नाही. बांधकामावर दिवसभर राबून पत्र्याच्या खोलीत परतलेल्या मुलाला आपल्या बोलीतले गाणे ऐकू येते, याचे मोल मी कमी लेखणार नाही. पण मालगुजारांच्या काळातही तलावाचे पाणी धानाला मिळतच होते. तलाव बुजवा, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. मालगुजारी नको, एवढेच म्हटले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कंपनी नको तर काय सरकार हवे? ज्या सरकारच्या आदेशाने शेतकऱ्यांचे खाते बंद पडते, त्याच्या हाती सर्व गाणी आणि सर्व पत्रव्यवहार सोपवावयाचा? माझे उत्तर नकारार्थी आहे. राष्ट्रीयीकरण हे आमच्या पिढीचे आवडते औषध होते. या रोगावर ते एकटे चालणार नाही. येथे आपल्याच मातीतील एक जुना शब्द कामी येतो : निस्तार. मध्य प्रांताच्या महसुली व्यवस्थेत गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, शेतीउपयोगी लाकडाचे सामाईक हक्क 'निस्तार पत्रका'त आणि पाणी, वाट, मासेमारी यांविषयीच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये नोंदल्या जात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ही नावे टिकून आहेत. निस्ताराचे मर्म असे की वस्तूचा कागदोपत्री धनी कोणीही असो, वापराचा हक्क गावाचा. तो कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसतो आणि तो लिहून ठेवलेला असतो. आमचे तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधले गेले, याचा आम्हाला अभिमान आहे. बांधणाऱ्याला श्रेय आणि मोबदला मिळावा. त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पहारा करू नये. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हे माझ्या मते संगणकयुगाचे वाजिब-उल-अर्जच आहे. लोहियांचे चौखंबा राज्य म्हणजे गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे सत्तेचे चार खांब. तंत्रज्ञानाचा विचारही याच चार खांबांवर झाला पाहिजे.

आपण काय करावे

गावपातळीवर पहिले काम ध्वनिमुद्रणाचे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. पण ज्यांच्यापर्यंत कोणताच पुरस्कार पोचत नाही असे दंडारीचे आणि खडीगंमतीचे म्हातारे कलावंत दरवर्षी थोडे थोडे होत चालले आहेत. मोबाइल प्रत्येक कार्यकर्त्याजवळ आहे. येत्या हंगामात त्यांची गाणी मुद्रित करावीत. मात्र आधी साध्या मराठीत एक पानाचा कागद करावा : गाण्याचा हक्क शाहिराचा व त्याच्या मंडळीचा, शिकण्या-शिकवण्यास ते सर्वांना मोकळे, व्यापारी वापर झाला तर मोबदला मंडळीला. ध्वनिमुद्रणाच्या प्रती किमान तीन ठिकाणी ठेवाव्यात : मंडळीकडे, जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि एखाद्या ना-नफा संग्रहात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने एके काळी गाणी गावोगाव नेली. आता गावाची गाणी जपून ठेवण्याची पाळी आपली आहे.

जिल्हा परिषदेत आणि विधिमंडळात मागणी करावयाची ती शाळांतील मुक्त सॉफ्टवेअरची. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केलेले आहे. ते अमलात का येत नाही हा प्रश्न विचारण्यास आपला एक प्रतिनिधीही पुरेसा आहे. केंद्राकडे मागणी अशी, की श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांतच वाटली जावी आणि हिशेब उघड असावा. हे अशक्य नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलावंतांसाठी अशीच पद्धत सुरू केली. उरुग्वेसारख्या लहान देशाने २०२३ मध्ये कलावंतांच्या न्याय्य मोबदल्याचा कायदा केला, तेव्हा स्पॉटिफायने देश सोडण्याचा इशारा दिला. अखेर सरकारशी बोलणी होऊन ती राहिली. इतकी मोठी बाजारपेठ असलेल्या भारताने भ्यावे असे त्यात काय आहे?

आणि थोडे आपल्या स्वतःच्या घरात पाहू. आज आपल्या तालुका शाखेची सदस्ययादी, बैठकीची सूचना, वर्गणीचा हिशेब सारे व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. ही सेवा २०१४ मध्ये १,९०० कोटी डॉलरांना विकत घेतली गेली, आणि वापरणाऱ्यांची माहिती त्यांच्यावर अटी लादून वापरल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये तिच्या मालक कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. ती उद्याच सोडा, असे मी म्हणत नाही. लोक जेथे आहेत तेथे आपण असले पाहिजे. पण पक्षाची यादी वहीत असावी, संग्रह आपल्या संगणकावर असावा, आणि या साप्ताहिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणून सर्वांना खुले करावेत. चार संगणक आणि दहा तरुण यांनी वर्षभरात होईल असे हे काम आहे.

त्या सकाळी तरुणाला मी यातले थोडेसेच सांगू शकलो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे सर, मोबाइल आपला, पण बांधी दुसऱ्याची." माझ्या सगळ्या विवेचनाचे सार त्याने एका वाक्यात सांगितले. मालगुजारी गेली ती मालगुजारांना उपरती झाली म्हणून नव्हे. कसणाऱ्यांनी हक्क मागितला, तो लिहून घेतला आणि त्यासाठी राजकारण केले म्हणून गेली. पुढच्या मंडईला तो तरुण कागद घेऊन शाहिराकडे जाणार आहे. त्याच्याबरोबर प्रत्येक तालुक्यातून एकेक जण निघाला तर सुरुवात झाली असे समजावयास हरकत नाही.

दिघोरी (जि. भंडारा)